रायगड पाहिला, महाड कोणी पाहावयाचे?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा आपल्या महाराष्ट्रातले, आणि बारावा जिंजी हा तामिळनाडूतला. ही बातमी ऐकून ज्याची छाती फुगली नाही असा मराठी मनुष्य विरळा. आम्हांसही आनंद झाला व आमच्या रबाळ्याच्या शाळेतील पोरांनी त्या दिवशी फळ्यावर बाराही किल्ल्यांची नावे लिहून काढली. तेव्हापासून किल्ला पाहण्याची हौस आमच्या बाजूस बरीच वाढली आहे. पूर्वी शाळेची सहल म्हटली की पाण्याच्या घसरगुंड्या आणि विजेचे पाळणे, एवढेच पोरांच्या व पुष्कळशा शिक्षकांच्याही डोळ्यांपुढे येई. आता निदान किल्ल्याचे नाव तरी निघते. ही सुधारणाच म्हणावयाची.

परंतु किल्ला पाहणे म्हणजे काय पाहणे, याचा विचार आपल्या समाजात अजून व्हावा तसा झालेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठी मांडीत नाही. दोष प्रथम आमचा आहे आणि तो कसा घडला तेच आधी सांगतो.

सहलीत आम्ही मुलांना रायगडास घेऊन गेलो होतो. दोरवाटेने न जाता पायऱ्यांनी चढलो. पोरे दमली, पण कोणी कुरकुर केली नाही. सिंहासनाची जागा पाहिली, बाजारपेठ पाहिली, जगदीश्वराचे देऊळ पाहिले, समाधीपुढे माथा टेकला. ६ जून १६७४ रोजी येथे राज्याभिषेक झाला व ३ एप्रिल १६८० रोजी येथेच महाराजांनी देह ठेविला, हे सर्व मुलांकडून वदवून घेतले. गंगासागर तलावाच्या काठी बसून शिदोरी सोडली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, हे तळे खणले कोणी?" आम्ही म्हणालो, महाराजांनी. तो म्हणाला, "तसे नाही, सर. कुदळ कोणाच्या हातात होती?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही हसून वेळ मारून नेली.

परतताना बस महाडावरून चालली होती. सातवीतील एक मुलगी आपल्या जागेवरून उठून आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, माझी आजी दर वर्षी वीस मार्चला महाडला येते. चवदार तळे इथेच आहे ना? दोन मिनिटे थांबू या का?" आम्ही घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "बाळ, उशीर झाला आहे. पुढच्या खेपेस पाहू." ती निमूटपणे जाऊन बसली. महाड मागे पडले. पुढे एका हॉटेलापाशी चहासाठी बस थांबली, ती चांगली अर्धा तास थांबली! त्या अर्ध्या तासात ती पोर बसमधून खाली उतरली नाही.

वाचकहो, चहासाठी ज्यांस अर्धा तास मिळतो त्यांस चवदार तळ्यासाठी दोन मिनिटे मिळत नाहीत, ही गोष्ट घड्याळाची नव्हे. ती मनाची आहे. आम्ही जोतीरावांचे नाव घेणारे, दर ११ एप्रिलास त्यांच्या तसबिरीस हार घालणारे. आणि आमच्याच हातून हे घडले. त्या दिवसापासून ही टोचणी आमच्या जिवास लागून राहिली आहे, म्हणून हा लेख.

महाडास काय घडले हे आपल्या पोरांस ठाऊक असते ते एका ओळीपुरते. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. सरकारी पैशाने बांधलेली अथवा चालविलेली तळी, विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी पास करून घेतला. बोले हे ब्राह्मणेतर चळवळीतलेच गृहस्थ होते, हे आपण अभिमानाने सांगावे. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने आपले तळे १९२४ साली सर्वांस खुले केले. पण कागदावर! प्रत्यक्षात त्या तळ्यावर कोणाही परक्याने यावे, गुराढोरांनी पाणी प्यावे, आणि ज्यास महार-चांभार म्हणत त्या माणसाने मात्र ओंजळ भरू नये, असाच प्रकार चालू राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले व पाणी प्याले. त्याचा मोबदला म्हणून परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या आणि तळ्यात पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाडासच मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा कोर्टात गेला व १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल दिला तेव्हा तो वाद संपला. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे!

आता हे महाड आणि तो रायगड यांच्यामध्ये अंतर किती? वीस-पंचवीस किलोमीटर. गडावरून उतरलेला मनुष्य तासाभरात तळ्यावर येतो. एका ठिकाणी रयतेच्या काडीसही हात लावू नका असे बजावणाऱ्या राजाचे सिंहासन, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच रयतेच्या लेकरांना अडीचशे वर्षांनंतर पाणी मागावे लागले ते तळे. या दोन जागा ज्याने एकाच दिवशी पाहिल्या त्यास इतिहास कळला. ज्याने एकच पाहिली त्यास अर्धा कळला, आणि अर्धा इतिहास हा पुष्कळदा खोट्याहून अधिक घातक होतो. कारण खोटे केव्हातरी उघडकीस येते, अर्ध्याची कोणास शंकाही येत नाही.

किल्ला पाहण्याचीसुद्धा सर्वांस सारखी मोकळीक होती असे कोणी समजू नये. १९३४ साली डॉक्टर आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावयास थांबले. तो मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. प्रवासाच्या धुळीने अंगे माखलेली होती, म्हणून किल्ल्याच्या दरवाज्याजवळील हौदावर मंडळींनी हातपाय धुतले. एवढ्यावरून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटविला. गर्दी जमली, शिव्यागाळी झाली, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात आले. तेव्हा बाबासाहेबांनी त्या जमावास विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवितो काय? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यासही या हौदावरून हाकलाल काय? त्यावर लोक गप्प बसले. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती अशी की, आत कोठेही पाण्यास हात लावावयाचा नाही. आणि ते पाहण्यासाठी हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविला आहे. विलायतेत जाऊन बॅरिस्टर झालेल्या, कोलंबिया व लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या मोठमोठ्या पदव्या मिळविलेल्या माणसाने आपल्याच देशातील किल्ला पाहिला तो शिपायाच्या पहाऱ्यात!

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. हा प्रसंग सांगून कोणी मुसलमानांवर बोट दाखवू लागेल तर त्याने हेही ध्यानात ठेवावे की, डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेस हिंदूंपैकी कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. स्पर्शास्पर्शाचा रोग एका धर्माचा नाही आणि माणुसकीही एका धर्माची नाही. आपल्या पोरांस दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

तद्वत आपल्या स्वतःच्या चळवळीचीही एक गोष्ट लपवून चालणार नाही. महाडच्या सत्याग्रहास पाठिंबा देण्याची तयारी केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी दाखविली होती. मात्र त्यांची अट अशी की, त्यात ब्राह्मणांस घेऊ नये. बाबासाहेबांनी ती अट मान्य केली नाही. आपला झगडा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या हरएक माणसाशी नाही, असा त्यांचा पक्ष होता. आणि मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थानेच. जेधे-जवळकरांविषयी आमच्या मनात आदर आहे. पण या एका बाबतीत बाबासाहेबांची दृष्टी अधिक लांबची होती, हे आज आपण मोकळ्या मनाने कबूल करावे. उच्चनीचपणा हा केवळ वरच्या पायरीवर राहतो असे नाही. तो मधल्या पायऱ्यांवरही ऐसपैस पाय पसरून बसतो. आमची बस महाडावरून न थांबता गेली, तेव्हा तिच्या पुढल्या बाकावर बसलेले आम्ही काही भटजी नव्हतो.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे वळू. कुदळ कोणाच्या हातात होती? रायगडाचे बांधकाम करणारा हिरोजी इंदुलकर याचे नाव जगदीश्वराच्या पायरीवर कोरलेले आहे. देवळाच्या पायरीवर नाव कोरावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाची धूळ त्यावर पडेल, एवढीच त्या थोर कारागिराची इच्छा होती असे सांगतात. पण हिरोजीच्या हाताखाली ज्यांनी दगड फोडले, टाकी खणली, चुना मळला, त्या पाथरवटांची, बेलदारांची, वडारांची नावे कोठे कोरलेली नाहीत. गडाच्या घेऱ्यात राहून रात्रंदिवस जागणारे रामोशी, महार, कोळी यांची नावे नाहीत. महात्मा जोतीरावांनी १८६९ साली छत्रपतींचा पवाडा छापून प्रसिद्ध केला, तो महाराजांस शेतकऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा राजा म्हणून बहुजनांपुढे उभे करण्यासाठीच. तेव्हा जोतीरावांचे नाव सांगणाऱ्या शिक्षकाने गडावर उभे राहून लढायांच्या सनावळ्या सांगाव्यात आणि टाकी खणणाऱ्याविषयी मात्र मुग्ध राहावे, हे शोभत नाही. आम्ही मुग्ध राहिलो. पुढच्या खेपेस राहणार नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, इतके लांब कशाला जाता? बरोबर आहे. पाहावयाचे म्हटले तर आमच्या रबाळ्याच्या आसपासच पुष्कळ आहे. बेलापूरच्या खाडीजवळ एका जुन्या किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज अशा चार सत्ता त्याने पाहिल्या. आमच्या पोरांपैकी कित्येकांनी लोकलच्या डब्यातून बेलापूर स्टेशन शंभरदा पाहिले असेल, पण तेथे किल्ला आहे हे शंभरात पाचांसही ठाऊक नाही. खाडीपलीकडे ठाण्याचा किल्ला. तो पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, मराठ्यांनी १७३७ साली जिंकला, १७७४ साली इंग्रजांनी घेतला आणि त्याचाच तुरुंग केला. आजही तेथे मध्यवर्ती कारागृहच आहे. राज्ये बदलली की एकाच भिंतीचा उपयोग कसा बदलतो, हा धडा ठाण्याइतका दुसरीकडे कोठे मिळेल? आणि ऐरोलीस तर डॉक्टर आंबेडकरांचे स्मारक आमच्या अगदी शेजारी आहे. तेथे जावयास बसचे भाडेसुद्धा फार पडत नाही.

उरण तालुक्यात चिरनेर आहे. तेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणला त्या रानात सरकारचा कायदा आडवा आला, म्हणून आगरी, कातकरी, कोळी असे साधे लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले. गोळीबार झाला. आठ माणसे हुतात्मा झाली. त्यांत धाकू गवत्या फोफेरकर होते, नवश्या महादेव कातकरी होते. ही नावे कोणत्या राजवाड्यातली नाहीत. आमच्या वर्गातील हजेरीपटावर शोभतील अशी ती नावे आहेत.

आणि जासई! हे नाव रबाळ्याच्या पोरास न सांगणे म्हणजे त्यास त्याच्या आजोबाचे नाव न सांगण्यासारखे आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या बाजूंच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर उभारावयाचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचे धोरण आले. आज आमची पोरे ज्या इमारतीत राहतात, तिच्या पायात ते रक्त आहे. रायगडाहून आलो त्यानंतर चार दिवसांनी गावातील एक वृद्ध गृहस्थ वाटेत भेटले व म्हणाले, "गुरुजी, पोरांना रायगड दाखवलात, बरा झाला. जासई कदी दाखवनार?" आमच्यापाशी त्यांसही उत्तर नव्हते. एकाच सहलीने आम्हांस तीन वेळा निरुत्तर केले.

सरकारी इमारतींविषयीही दोन शब्द लिहितो. मुंबईस सहल नेली की दुरून मंत्रालय दाखवितात, विधान भवन दाखवितात, पोरे तोंडाचा आ करून पाहतात आणि बस पुढे जाते. त्यांच्या मनावर ठसते ते एवढेच की, ही कोणा मोठ्या लोकांची घरे आहेत. पूर्वीच्या काळी रयत गडाच्या दरवाज्याशी अर्ज घेऊन उभी राही, आज ती खिडकीशी उभी राहते. गडाचा किल्लेदार कोण हे कळून उपयोगी नाही. हल्लीच्या किल्लेदारास जाब विचारता आला पाहिजे. म्हणून आमची सूचना अशी की, किल्ल्याबरोबर मुलांस एखादी कचेरीही दाखवावी. सातबाराचा उतारा कोठे मिळतो, जातीचा दाखला कोण देतो, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहावा, सभागृहात प्रश्न कोण विचारतो, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहावे. ज्याचा बाप खिडकीपुढे हात जोडून उभा राहतो, त्याच्या पोराने तेथे मान वर करून उभे राहावे, हाच शिक्षणाचा अर्थ.

यावर काही आक्षेप येतील, ते आम्ही ऐकिलेही आहेत. एक स्नेही म्हणाले, "लहान मुलांच्या डोक्यात जात कशाला घालता? त्यांना किल्ले पाहू द्या, आनंद करू द्या." आमचे उत्तर असे की, जात आम्ही घालीत नाही, ती मुलाच्या आधीच वर्गात येऊन बसलेली असते. त्या मुलीची आजी दर वर्षी महाडास जाते हे तिला सहलीआधीच ठाऊक होते. बाकीच्या मुलांस ठाऊक नव्हते, हाच तो फरक. तो मिटवावयाचा तर सर्वांनी मिळून त्या तळ्याच्या पायऱ्या उतराव्यात. आगऱ्याच्या पोराने, मराठ्याच्या पोराने, ब्राह्मणाच्या व मुसलमानाच्या पोरानेही त्या मुलीच्या शेजारी उभे राहावे. मग महाड हे एकट्या तिच्या आजीचे राहणार नाही आणि रायगडही कोणा एका जातीच्या मालकीचा राहणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हा मात्र खरा आहे. आमच्या सहलीसही तीन मुले आली नव्हती. विचारता एकाने पोटदुखी सांगितली, एकाने मामाचे लग्न सांगितले. खरे कारण वर्गणी, हे आम्ही जाणून होतो. जेथे गरीब पोर मागे राहते, ती सहल कितीही मोठ्या किल्ल्याची असली तरी सत्यशोधकाच्या दृष्टीने ती फसलीच. त्यासाठी गावकऱ्यांनी, तरुण मंडळांनी मनावर घ्यावे. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करावयास जो पैसा जमतो, त्यातील चौथा हिस्सा बाजूस काढला तर आमच्या गावातील एकही पोर रायगड व महाड पाहिल्यावाचून सातवी पास होणार नाही. शिवजयंती असो वा भीमजयंती, हा हिशेब दोहोंसही लागू आहे.

तेव्हा आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे ते येणेप्रमाणे. पाचवीच्या मुलांस बेलापूरचा किल्ला व ऐरोलीचे स्मारक. सहावीस जासई व चिरनेर. सातवीस रायगड व महाड, आणि ही दोन्ही एकाच सहलीत. वेळ थोडा असेल तर चहा रद्द होईल, महाड रद्द होणार नाही. वर्गणीवाचून कोणी मागे राहणार नाही. इतर शिक्षकबंधूंनी व भगिनींनी आपापल्या गावापुरती अशीच यादी करावी. प्रत्येक तालुक्यात एक पडका बुरूज आणि एक विसरलेला हुतात्मा असतोच. तो शोधावयास पदवी लागत नाही, म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागते.

२० मार्च २०२७ ही महाडच्या त्या दिवसाची शंभरावी तिथी. शंभर वर्षांत एवढे जरी साधले की, रायगडाहून परतणारी प्रत्येक शाळेची बस चवदार तळ्यापाशी थांबते, तरी पुष्कळ झाले म्हणू. ती मुलगी आता आठवीत गेली आहे. पुढच्या सहलीस ती आमच्या वर्गात नसेल. तरी आम्ही तिच्या घरी जाऊन सांगून आलो आहो की, महाडास तिने व तिच्या आजीने आमच्याबरोबर यावे आणि तळ्याच्या काठी मुलांस जे सांगावयाचे ते आजीनेच सांगावे. आजीने होकार दिला आहे. ते आमच्याहून तिला अधिक चांगले सांगता येईल, याविषयी आमच्या मनात शंका नाही.